मदत हवी आहे: सर्व्हिस बुकात किलोमीटर उलटे फिरलेत, गाडी घ्यावी का?

मंडळी, जिंतूर-परभणी रोजचं अप-डाऊन आहे, ८०-८५ किलोमीटर होतात. त्यासाठी २०१८ ची होंडा शाईन बघितली. एमएच २२ पासिंग, एकच मालक, मागतोय ४२ हजार.

सर्व्हिस बुकात पहिले चार शिक्के व्यवस्थित आहेत. पुढं गॅरेजच्या चिठ्ठ्या. २०२२ च्या चिठ्ठीवर ४१,३०० किलोमीटर आणि २०२३ च्या चिठ्ठीवर ३८,६००! मालक म्हणतो मीटर बदललं. पण बदललं तर शून्यापासून चालू व्हायला पाहिजे ना राव? बिल मागितलं तर "सापडत नाही." पीयूसी (धुराच्या तपासणीचं सर्टिफिकेट) जुनी-नवी दोन्ही पास आहेत, पण कार्बन मोनॉक्साईडचा आकडा ०.२ वरून ०.८ वर गेलाय.

परिवहनच्या साइटवर बघितलं, बोजा नाही, चलन नाही. सकाळी थंड गाडी एका किकमध्ये चालू झाली, धूर नाही. चेन-स्प्रॉकेट नवं आहे, फूटरेस्टचं रबर मात्र पार गुळगुळीत. इंजिन खोलू देत नाही. माझं बजेट ४५ च्या वर जात नाही, त्यामुळं नवी सुचवू नका.

इंजिन न खोलता खरं रनिंग कशावरून ओळखायचं? आणि पीयूसीचा वाढलेला आकडा नुसत्या ट्यूनिंगचा, की पिस्टन-रिंगा गेल्याचा?