कॅफेत बिल कमी करणं म्हणजे कंजुषी का?

केळीपट्टा (धागाकर्ता)

जळगावात रिंग रोडला, महाबळला, कॉलेजांच्या आजूबाजूला कॅफे झालेत आणि आपण तिथं जातो. जावं की नाही यावर वाद नको, तो झाला करून. माझा मुद्दा वेगळाय. भरताच्या वांग्यांसाठी बाजारात पाच रुपयांवरून हुज्जत घालणारा आपला माणूस काउंटरवर "लार्ज करू का सर?" ऐकलं की मुकाट मान डोलावतो. का?

एकच प्रश्न विचारायला शिका: यात शॉट किती? शॉट म्हणजे एस्प्रेसोचं, कडक काळ्या कॉफीचं, एक छोटं माप. कप मोठा झाला की बऱ्याचदा फक्त दूध वाढतं. स्टारबक्सची अमेरिकेतली मापं बघा. गरम लाटे, म्हणजे एस्प्रेसोत भरपूर दूध, टॉल घेतला तर ३५४ मिली आणि एस्प्रेसोचा एक शॉट, ग्रांडे ४७३ मिली आणि दोन शॉट, व्हेंटी ५९१ मिली आणि शॉट परत दोनच. म्हणजे शेवटच्या उडीत तुम्ही जादा पैसे दिले ते दुधाचे. दूध आपल्याकडे घरी येतं, कॅफेत जाऊन कशाला प्यायचं?

दुसरं, व्हॅनिला, हेजलनट वगैरे फ्लेवर. ते मुख्यतः साखरेचं सरबतच. साखरेच्या पुड्या टेबलावर फुकट पडलेल्या असतात. तिसरं, थंड पेयात निम्मा ग्लास बर्फ असतो, तेव्हा "बर्फ कमी" सांगा. चौथं, लाटेऐवजी अमेरिकानो (एस्प्रेसोत दुधाऐवजी गरम पाणी) घ्या आणि वर थोडं दूध मागा, मी बसतो तिथं ते बरंच स्वस्त पडतं. आणि पाणी जगमधलं मागा. हॉटेलवाल्याला बाटली छापील किमतीपेक्षा महाग विकता येते, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्येच सांगितलंय, त्यामुळे तिथं भांडून उपयोग नाही.

याला आमचा ग्रुप कंजुषी म्हणतो. तुम्ही काय म्हणता?

खानदेशी_खडूस

भो, इतलं गणित करनं पडस तं कॉफी पेवानी कसाले? दहा रुप्याना चहा पी नी घर जाय.

थट्टा सोडा, खरंच सांगतो. तुमची "स्वस्त" कॉफी माझ्या दहा चहांच्या किमतीत येते. तुम्ही दोनशेचं बिल दीडशेवर आणून छाती फुगवता. पन्नास वाचले नाहीत, दीडशे गेले. ज्याला खरंच वाचवायचंय तो त्या काचेच्या दाराला हात लावत नाही. आणि टपरीवर "कट" सांगितलं तर कोणी तोंड वाकडं करत नाही.

देवपूरकर

धुळ्यात माझा छोटा कॅफे आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. धागाकर्त्याचा शॉटवाला प्रश्न चांगला आहे, जरूर विचारा, आमच्या पोरांना उत्तर यायलाच हवं. पण बाकीच्या सल्ल्यांत अर्धी माहिती आहे.

डबल शॉटला साधारण १८ ग्रॅम कॉफी लागते. किलोतून कागदावर पंचावन्न निघतात. प्रत्यक्षात सकाळी ग्राइंडर लावताना दोन-चार शॉट मोरीत जातात. बिया चिकमगळूरहून येतात आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला चार डॉलरच्या वर गेली, त्याचा चटका इथं धुळ्यातही बसला. तरीसुद्धा बिया हा माझा मोठा खर्च नाही. मोठा खर्च भाडं, पगार आणि लाइट बिल. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा दोन एसी सकाळी अकरापासून चालू असतात.

आता बर्फ. साडेतीनशे मिलीच्या ग्लासात आमच्याकडे शॉट आणि दुधाचं माप ठरलेलं आहे, उरलेल्या जागेत बर्फ. बर्फ कमी सांगितला तर ग्लास तेवढा रिकामा येतो आणि कॉफी लवकर कोमट होते. तुम्हाला फायदा काहीच नाही. काही जण मग म्हणतात, "दुधानं भरून द्या ना." ते दूध कोणाच्या खात्यातलं?

अमेरिकानोचा प्रकार तर आम्ही रोज बघतो. "थोडं दूध" म्हणजे चमचा-दोन चमचे, ते आनंदानं देतो. पण काही मंडळी डबल एस्प्रेसो मोठ्या ग्लासात बर्फावर मागवतात, मग दूध मागतात, दिलं की परत मागतात. ग्लास काठोकाठ भरला की झाला लाटे. याला मी काटकसर म्हणणार नाही. शेवटी मी दुधाचा दर लिहिला, छोट्या भांड्याला वीस रुपये. तेव्हापासून तीच मंडळी मला लोभी म्हणतात.

केळीपट्टा

@देवपूरकर, मेनूवर "दूध वीस रुपये" लिहिलंत तर भांडण संपलंच की. लिहिलं नसेल तर मागणारा चोर कसा? तुम्ही हो म्हणता म्हणून तो मागतो. आणि बर्फाचं म्हणाल तर सगळीकडे माप ठरलेलं नसतं. आमच्या इथं पोरगा अंदाजानं ओततो, बर्फ कमी म्हटलं की ग्लास भरूनच येतो. गिऱ्हाइकानं विचारून बघावं, एवढंच म्हणतोय.

@खानदेशी_खडूस, टपरीचा चहा मीही पितो. तो कॉफीला पर्याय नाही.

मेहरुणची_पोर

तुमचं तिघांचं वाचून हसू आलं. शॉट, मिली, बर्फ! जळगावात किंवा भुसावळला टपरीवर एकटी मुलगी चहा घेऊन अर्धा तास वही उघडून बसलेली कधी पाहिलीत? उभ्या उभ्या चहा संपवायचा आणि निघायचं. त्यातही समोरच्या बाइकवर बसलेले तीन जण कप रिकामा होईपर्यंत नजर हटवत नाहीत. कॅफेत पैसे देते ते खुर्चीचे, प्लगचे आणि कडी लागणाऱ्या स्वच्छ बाथरूमचे. कॉफी त्यावर फुकट मिळते असं समजते.

म्हणून माझा हिशेब सरळ आहे, मेनूतलं सगळ्यात स्वस्त जे असेल ते. कधी मसाला चहा, कधी लिंबू घातलेला आइस टी. त्यात शॉट किती, याच्याशी मला काय करायचंय? मैत्रीण बरोबर असेल तर एक कोल्ड कॉफी आणि एक रिकामा ग्लास. पोरगा ग्लास आणतो, पण असा ठेवतो की काचेचा आवाज आख्ख्या कॅफेला ऐकू जावा. तरी आम्ही मागतो.

आणि खडूसभाऊ, "दाराला हातच लावू नका" हे ज्याला घराबाहेर कुठंही बसता येतं तोच म्हणू शकतो.

खानदेशी_खडूस

ताई, बसायच्या जागेचं मान्य. पण मग ती जागा वाचनालयात, विद्यापीठात मिळायला पाहिजे ना. ती मागायची सोडून आपण कॅफेवाल्याला भाडं भरतो आणि भाडं कमी कसं करायचं यावर धागे काढतो.

मेहरुणची_पोर

मागतोच आहोत. तोवर उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता कुठं बसू ते सांगा.

आता_पुण्यात

एवढं डोकं लावण्यापेक्षा अ‍ॅप घ्या, पॉइंट जमवा, पाचवी-सहावी कॉफी फुकट. आम्ही सगळे तेच करतो.

केळीपट्टा

फुकटच्या एका कॉफीसाठी पाच विकत घ्यायच्या. दुकानदाराला हेच तर हवंय.

बिलवाचक

काय मागवायचं यावर एवढी चर्चा झाली, पण बिल कोणी वाचतं का? खरे पैसे तिथं वाचतात.

सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तसं सांगितलं आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. बिलात लावला असेल तर काढायला सांगा, ऐकलं नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. मनानं टीप द्यायची असेल तर पोराच्या हातात द्या.

जीएसटीचं वेगळं आहे. साध्या कॅफेला नोव्हेंबर २०१७ पासून पाच टक्के आहे आणि तो काढता येत नाही. पण आपल्याकडचे बरेच छोटे धंदे कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत असतात. अशा दुकानदाराला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही, कर त्यानं स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. बिलावर तसं छापणंही बंधनकारक आहे. एकाच बिलावर "कंपोझिशन" असं छापलंय आणि खाली पाच टक्के जोडलेत, असं दिसलं तर बोट ठेवा. शंभराला पाच रुपये थोडे वाटतात, पण ते तुमच्याकडून घ्यायचा त्याला अधिकारच नाही.

देवपूरकर

@बिलवाचक बरोबर. मी कंपोझिशनमध्येच आहे आणि वर काही लावत नाही. लावणारे आहेत, त्यांच्यामुळे आमच्यावरही संशय येतो.

@मेहरुणची_पोर, तुमच्याशी माझं भांडण नाही. मसाला चहावर तीन तास बसा, फक्त टेबल चौघांचं असेल आणि बाहेर लोक उभे असतील तर दोघांच्या टेबलावर सरका. मला त्रास देणारं गिऱ्हाईक वेगळं. सात जण येतात, दोन कोल्ड कॉफी, पाच रिकामे ग्लास, वाढदिवसाचा केक घरचा, आणि जाताना क्रीम सोफ्यावर.

केळीपट्टा

सात जणांचं समर्थन कोण करतंय? तुमच्याकडे दोघांत एक घेतलेलं चालतं का, एवढं सांगा.

देवपूरकर

चालतं. दुसरा ग्लास मागा, पोरगा आपटणार नाही. फक्त शनिवार-रविवार सहानंतर नको, तेव्हा माणशी एक ऑर्डर. तसा बोर्डच लावलाय.

केळीपट्टा

बोर्ड दारावर आहे की काउंटरवर? बसल्यावर दिसणारा बोर्ड मी मानत नाही.

देवपूरकर

दारावर. मराठीत.