कॅलगरीतला हिवाळा: जॅकेटच्या आधी टायर

पुण्याहून नुकतंच कॅनडातल्या कॅलगरीला आलेल्यांनी विचारलंय, की ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बर्फ पडला, तर जाड जॅकेट लगेच घ्यावं का? घ्या, पण त्याआधी गाडीचे टायर बदलून विंटर टायर (थंडीतही मऊ राहणारे) लावा. तापमान ७ अंशांखाली गेलं की साध्या टायरचं रबर कडक होतं आणि ब्रेक दाबूनही गाडी घसरत राहते. आपल्या अल्बर्टा प्रांतात विंटर टायरची सक्ती नाही, म्हणून बरेच जण टाळतात. माझ्या मते ही नको तिथली काटकसर.

आणि ऑक्टोबर म्हणजे इथे फार लवकर नाही हो. २०१४ साली सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच बर्फ पडला होता. झाडांची पानंही गळली नव्हती, त्यामुळे ओझ्याने फांद्या मोडून विजेच्या तारांवर पडल्या.

कपड्यांत आतला थर सुती नको, घाम धरून ठेवतो. (आईने विणलेला स्वेटर मधल्या थराला उत्तम!)

चिनूक, म्हणजे रॉकी पर्वतावरून येणारे उबदार वारे, सुटले की काही तासांत पारा शून्याच्या वर जातो. तेव्हा हुरळून टोपी-हातमोजे कपाटात टाकू नका. वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि फुटपाथची काच होते. घरालगतचा फुटपाथ बर्फ थांबल्यापासून २४ तासांत साफ करणं तुमच्याकडेच, त्यामुळे फावडं आत्ताच आणून ठेवा.