सेवा हाताने सुरू होते, पण सर्व्हर रीबूट झाल्यावर बंदच राहते

प्रश्न

माझ्या लिनक्स सर्व्हरवर मी स्वतः लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम आहे. इतर यंत्रांकडून येणाऱ्या नोंदी गोळा करून फाइलमध्ये साठवणे एवढेच त्याचे काम आहे. तो पार्श्वभूमीवर सतत चालू राहावा म्हणून मी 'संग्राहक' नावाची युनिट फाइल (सेवा कशी चालवायची हे सांगणारी फाइल) तयार केली आणि 'सिस्टिमसीटीएल स्टार्ट संग्राहक' ही आज्ञा दिली. त्यानंतर सेवा कित्येक दिवस बिनतक्रार चालली. मात्र परवा रात्री अपडेटनंतर सर्व्हर आपोआप रीबूट झाला आणि सकाळी पाहतो तर सेवा बंद होती. मधल्या सात तासांच्या नोंदी गेल्या, आणि त्या पुन्हा मिळण्याचा कोणताही मार्ग नाही.

मी 'इनेबल' ही आज्ञाही आधीच दिली होती. तेव्हा पडद्यावर चार-पाच ओळींचा मजकूर आला होता, पण त्यात 'एरर' हा शब्द नसल्यामुळे मी पुढे गेलो. आता 'स्टेटस' विचारल्यावर 'लोडेड'च्या ओळीत फाइलचा मार्ग आणि त्यापुढे 'स्टॅटिक' असा शब्द दिसतो, तर 'ॲक्टिव्ह'च्या ओळीत 'इनॲक्टिव्ह (डेड)' असे दिसते. रीबूटनंतरच्या जर्नलमध्ये (सिस्टिमच्या नोंदवहीत) या सेवेची एकही ओळ नाही. सेवा सुरू होऊन कोसळली, की तिला कोणी सुरूच केले नाही, हे मला कसे ओळखता येईल?

पहिला प्रतिसाद

आपल्या प्रश्नाचे उत्तर आपण दिलेल्या त्या दोन ओळींतच आहे. 'ॲक्टिव्ह'ची ओळ या क्षणी काय चालले आहे ते सांगते, आणि 'लोडेड'ची ओळ सिस्टिमडीने (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमने) फाइल कोठून वाचली व बूटच्या वेळी तिचे काय करायचे ठरले आहे ते सांगते. सेवा सुरू होऊन कोसळली असती तर तेथे 'फेल्ड' दिसले असते आणि जर्नलमध्ये निदान सुरू होण्याची ओळ तरी उमटली असती. 'डेड' आणि कोरे जर्नल यांचा एकत्रित अर्थ असा, की तिला कोणी हाकच मारली नाही.

'स्टार्ट' आणि 'इनेबल' या दोन आज्ञांचा एकमेकींशी संबंध नाही, हे येथे नीट लक्षात घ्यावे. 'स्टार्ट' सेवा आत्ता चालू करते आणि पुढच्या बूटविषयी काहीही लिहून ठेवत नाही. 'इनेबल' सेवा चालू करत नाही. ती फक्त युनिट फाइलमधला 'इन्स्टॉल' विभाग वाचते आणि त्यात सांगितलेल्या टार्गेटच्या (बूटच्या एका ठरावीक टप्प्याच्या) 'वॉन्ट्स' डिरेक्टरीत एक सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारा दुवा) तयार करते. बूट होताना सिस्टिमडी हीच सिमलिंक पाहून सेवा सुरू करते. आपल्या फाइलमध्ये तो विभागच नसणार, आणि 'स्टॅटिक' या शब्दाचा अर्थ नेमका तोच आहे. आपण वाचायचा सोडलेला मजकूरही हेच सांगत होता, की या युनिटमध्ये इन्स्टॉलविषयी कोणतीही सूचना नाही.

फाइलच्या शेवटी 'इन्स्टॉल' विभाग घालून त्यात 'वॉन्टेडबाय' समोर 'मल्टी-यूजर डॉट टार्गेट' असे लिहा आणि मग 'सिस्टिमसीटीएल इनेबल संग्राहक' ही आज्ञा पुन्हा द्या. या वेळी सिमलिंक तयार झाल्याची एक ओळ दिसेल. ती दिसली नाही तर तेथेच थांबा.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

मनापासून आभार. विभाग खरोखरच नव्हता. तो घातला, सिमलिंकची ओळ दिसली, 'इज-इनेबल्ड' विचारल्यावर 'इनेबल्ड' असे उत्तर आले आणि मी मुद्दाम रीबूट करून पाहिले. आता सेवा सुरू होते, पण लगेच 'फेल्ड' होते. फाइलमध्ये 'रीस्टार्ट' समोर 'ऑन-फेल्युअर' (कोसळल्यास पुन्हा सुरू करा) लिहिलेले असूनही जर्नलमध्ये एकाच सेकंदात पाच प्रयत्न दिसतात, प्रत्येक वेळी 'मागितलेला पत्ता देता येत नाही' अशा अर्थाची त्रुटी येते, आणि शेवटी सुरू करण्याची विनंती फार भराभर आल्याचे सांगून सिस्टिमडी प्रयत्न सोडून देते. त्यानंतर मी हाताने 'स्टार्ट' दिले की सेवा पहिल्याच फटक्यात सुरू होते. प्रोग्रॅम सर्व्हरच्या एका ठरावीक आयपी पत्त्यावर ऐकतो, आणि तो पत्ता सर्व्हरला डीएचसीपीकडून (नेटवर्कवर पत्ते आपोआप वाटणाऱ्या व्यवस्थेकडून) मिळतो.

दुसरा प्रतिसाद

शेवटचे वाक्य आपण लिहिले ते फार बरे केले, कारण सगळा उलगडा तेथेच होतो. आपली सेवा सुरू होते तेव्हा नेटवर्क कार्डाला तो पत्ता मिळालेलाच नसतो, आणि जो पत्ता यंत्राजवळ नाही त्यावर ऐकण्याची परवानगी कर्नल (लिनक्सचा गाभा) देत नाही. आपण हाताने आज्ञा देता तोपर्यंत पत्ता येऊन पोचलेला असतो.

पाच प्रयत्नांचे गणित असे आहे. 'रीस्टार्टसेक' (पुन्हा सुरू करण्याआधीची विश्रांती) दिलेला नसेल तर दोन प्रयत्नांमध्ये सिस्टिमडी फक्त 100 मिलिसेकंद थांबते, आणि 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करून झाले की पुढचा प्रयत्न नाकारते. प्रोग्रॅम क्षणात मरत असेल तर पाचही संधी साधारण अर्ध्या सेकंदात संपतात, आणि डीएचसीपीला त्याहून बराच जास्त वेळ लागू शकतो. 'रीस्टार्टसेक' 5 सेकंद केला तर 10 सेकंदांच्या मर्यादेत पाच प्रयत्न कधी भरणारच नाहीत आणि सेवा पत्ता मिळेपर्यंत प्रयत्न करत राहील.

यासोबत 'युनिट' विभागात 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' या दोन्हींसमोर 'नेटवर्क-ऑनलाइन डॉट टार्गेट' लिहा. दोन्ही हवेत, कारण 'आफ्टर' केवळ क्रम ठरवते, त्या टार्गेटला बोलावत नाही, आणि 'वॉन्ट्स' बोलावते पण क्रम ठरवत नाही. नुसते 'नेटवर्क डॉट टार्गेट' येथे उपयोगाचे नाही. पत्ता मिळाल्याची हमी ते देत नाही. शिवाय आपल्या यंत्रावर नेटवर्कमॅनेजर असो की सिस्टिमडी-नेटवर्कडी, त्याची 'वेट-ऑनलाइन' सेवा इनेबल्ड आहे ना, हे तपासा. प्रत्यक्ष थांबण्याचे काम तीच करते.

तिसरा प्रतिसाद

वरील उपाय बरोबर आहे, तरी मी त्यावरच विसंबून राहणार नाही. बूटच्या वेळी नेटवर्क होते म्हणून ते पुढेही राहीलच असे नाही, आणि सिस्टिमडीचे अधिकृत दस्तऐवजही हाच सल्ला देतात, की जमेल तेथे नेटवर्क येण्या-जाण्याला प्रोग्रॅमनेच तोंड द्यावे. आपला प्रोग्रॅम आपण स्वतः लिहिलेला आहे, म्हणून त्याला एका पत्त्याऐवजी सर्व पत्त्यांवर ऐकायला लावणे आणि कोणाला आत येऊ द्यायचे ते फायरवॉलवर सोपवणे हा मार्ग मला अधिक भक्कम वाटतो. तोच पत्ता अनिवार्य असेल तर सॉकेट (प्रोग्रॅमचे नेटवर्ककडचे दार) उघडताना 'फ्रीबाइंड' हा पर्याय वापरता येतो, ज्यामुळे पत्ता अजून मिळालेला नसतानाही प्रोग्रॅम त्यावर ऐकू लागतो.

आणखी एक गोष्ट. आपली फाइल 'यूएसआर' खालील डिरेक्टरीत असेल तर ती 'ईटीसी'मधील 'सिस्टिमडी/सिस्टिम' येथे हलवा. पहिली जागा पॅकेजांची आहे, दुसरी प्रशासकाची, आणि एकाच नावाची फाइल दोन्हीकडे असल्यास 'ईटीसी'मधली मानली जाते. फाइल संपादकात उघडून बदलली तर 'डीमन-रीलोड' द्यावेच लागते, नाहीतर सिस्टिमडी जुनाच मजकूर धरून चालते. आणि त्या आज्ञेने चालू सेवा पुन्हा सुरू होत नाही, त्यासाठी 'रीस्टार्ट' वेगळे द्यावे लागते. 'सिस्टिमसीटीएल एडिट' वापरल्यास रीलोड आपोआप होतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

तिन्ही बदल केले: नेटवर्क-ऑनलाइनच्या दोन ओळी, 5 सेकंदांची विश्रांती आणि प्रोग्रॅममध्ये सर्व पत्त्यांवर ऐकण्याची सोय. फाइल खरोखरच चुकीच्या जागी होती, तीही हलवली. मग केबल काढून रीबूट केले: सेवा चालू होती, फक्त नोंदी येत नव्हत्या. केबल जोडल्यावर काही सेकंदांत पहिली नोंद फाइलमध्ये पडली, आणि जर्नलमध्ये सुरू होण्याची एकच ओळ आहे.