मूळ गाण्याच्याही आधीचे मूळ

ब्रिटिश गायक फिल कॉलिन्सने सुप्रीम्स या अमेरिकन गायिकांच्या गटाच्या 'यू कान्ट हरी लव्ह' या गाण्याची निव्वळ नक्कल केली, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. साठच्या दशकातील मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांचा नाद हुबेहूब उभा करणे हाच त्याचा हेतू होता, त्यामुळे मूळ गाण्यातील जेम्स जेमरसनच्या बास गिटारची सुरुवातीची ती उसळती चाल त्याच्या १९८२ च्या ध्वनिमुद्रणातही जवळजवळ तशीच ऐकू येते.

मात्र सुप्रीम्सचे १९६६ चे गाणे हेच मूळ, असे जे ठामपणे मांडले जाते, त्याला एक पुस्ती जोडावीशी वाटते. हॉलंड-डोझियर-हॉलंड या गीतकार-संगीतकार त्रयीने ते रचले खरे, पण त्याचे बीज गायिका डोरोथी लव्ह कोट्स यांच्या पन्नासच्या दशकातील 'यू कान्ट हरी गॉड' या गॉस्पेल (चर्चमधील भक्तिपर) गीतात आहे. तेथे घाई करता येत नाही ती देवाला, आणि तो वेळेवर येतोच. देवाच्या जागी प्रेम आले, धीर धरायला सांगणारी आई आली (मला तरी गाण्यातली सर्वांत जिवंत व्यक्ती तीच वाटते), आणि चर्चमधले ते आश्वासन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ब्रिटनमध्ये ते स्थान जानेवारी १९८३ मध्ये कॉलिन्सला मिळाले. सुप्रीम्स तेथे तिसऱ्या क्रमांकावरच थांबल्या होत्या.