अरण्यानी, अरण्य आणि आपलं रान

अमरकोश हा संस्कृतातला जुना शब्दकोश चाळताना ‘महारण्यमरण्यानी’ दिसलं, म्हणजे मोठं अरण्य ते अरण्यानी. अरण्यानी म्हणजे अरण्याची बायको, इंद्राणीसारखी, असं मी आजवर धरून चाललो होतो. मग हे काय?

— बायको नव्हे. प्रत्यय इंद्राणीतलाच, पण हिम आणि अरण्य या दोन शब्दांना तो मोठेपणा दाखवायला लागतो. पाणिनीच्या व्याकरणसूत्रांना पुरवणी जोडणाऱ्या कात्यायनाचं तसं वार्तिकच (पूरक नियम) आहे: ‘हिमारण्ययोर्महत्त्वे’. हिमानी म्हणजे बर्फाची रास, अरण्यानी म्हणजे अफाट अरण्य.

ऋग्वेदात (१०.१४६) मात्र ती देवी आहे. सहाच ऋचा, जरूर वाचा. कवी तिला विचारतो, गावाची वाट का विचारत नाहीस, भीती नाही वाटत? मग तिन्हीसांजेला अरण्यात राहिलेल्याला होणारे भास: कुणी गाईला हाक मारतंय, कुणी लाकूड तोडतंय, कुणीतरी ओरडलं! झाडं किती उंच, किती दाट, याबद्दल चकार शब्द नाही. अरण्य शब्दातही दाटी नाहीच. ‘अरण’ म्हणजे परका, लांबचा.

— दाटीवरून आठवलं. उत्तररामचरिताच्या दुसऱ्या अंकात भवभूतीचं दंडकारण्य बघा. कुठे चिडीचूप, कुठे श्वापदांचा कल्लोळ. कपारींत पाणी इतकं थोडं, की तहानलेले सरडे अजगराचा घाम पितात. आपल्या डोळ्यांपुढचं हिरवंगार अरण्य कुठे नि हे कुठे! माणूस विदर्भातल्या पद्मपूरचा, त्याला उन्हाळा कुणी शिकवायला नको.

— जंगल शब्दाचंही तेच. संस्कृतात ‘जांगल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा मुलूख. आयुर्वेदात तो पाणथळ ‘आनूप’च्या नेमका उलट. आता जंगल म्हटलं की घनदाट हे विशेषण आपोआप येऊन चिकटतं.

— आणि रान? अरण्य, प्राकृतात रण्ण, मराठीत रान. त्याच सूक्तात अरण्यानीला ‘अकृषीवला’ म्हटलंय: शेती न करणारी, तरी अन्नाने भरलेली. आमच्याकडे साताऱ्यात मात्र ‘आबा रानात गेल्यात’ म्हणजे उसाला पाणी द्यायला! रान नांगरतात, रानाला वापसा येतो, म्हणजे ओल मशागतीजोगी होते. जुना अर्थ उरलाय तो रानभाजीत. टाकळा कुणी पेरत नाही.

— तुमच्या घाटावर असेल. आमच्या कोकणात रानात गेला म्हणजे लाकडं आणायला, नाहीतर गुरं घेऊन. शेतात गेलेल्याला शेतातच गेला म्हणतात.