उपाध्यक्षपदाचा जोडीदार: निवड कोण करतो आणि कशाच्या आधारावर?

कृष्णाकाठ:

अमेरिकेतील २०२४ च्या निवडणुकीपासून मनात घोळत असलेला एक प्रश्न येथे मांडत आहे. अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी तिथे राज्याराज्यांत महिनोन्‌महिने प्रायमरी, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुका, चालतात. त्याच्या जोडीने मतपत्रिकेवर ज्याचे नाव येते, तो उपाध्यक्षपदाचा उमेदवार मात्र एके दिवशी अचानक जाहीर होतो. १५ जुलै २०२४ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी ओहायोचे जे. डी. व्हान्स यांचे नाव सांगितले आणि ६ ऑगस्टला कमला हॅरिस यांनी मिनेसोटाचे टिम वॉल्झ यांचे. आपल्याकडे उपराष्ट्रपतींना संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य स्वतंत्र मतदानाने निवडतात, त्यामुळे ही पद्धत मला बुचकळ्यात टाकते. जोडीदार आपले राज्य पदरात पाडून देतो म्हणून त्याला घेतात, असे नेहमी वाचनात येते. परंतु ओहायो आधीच ट्रम्प यांच्याकडे झुकलेले होते आणि मिनेसोटाने १९७६ पासून प्रत्येक वेळी डेमोक्रॅटिक उमेदवारालाच कौल दिलेला आहे. मग हिशेब नेमका कशाचा होता?

मीमांसक:

हा अधिकार आज उमेदवाराच्या हाती एकवटलेला दिसतो, पण तो त्याला राज्यघटनेने दिलेला नाही. मूळ व्यवस्थेत जोडीदार ही कल्पनाच नव्हती. अध्यक्ष निवडतात ते राज्याराज्यांचे निर्वाचक; त्यांच्या मतदानात ज्याला दुसऱ्या क्रमांकाची मते मिळतील तो उपाध्यक्ष. परिणामी १७९६ मध्ये जॉन अ‍ॅडम्स यांच्याबरोबर त्यांचेच प्रतिस्पर्धी टॉमस जेफरसन निवडून आले, आणि १८०० मध्ये जेफरसन व एरन बर या एकाच पक्षाच्या दोघांना प्रत्येकी ७३ मते पडून असा तिढा झाला, की तो सोडवायला प्रतिनिधिगृहाला मतदानाच्या ३६ फेऱ्या घ्याव्या लागल्या. १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने दोन्ही पदांसाठी स्वतंत्र मते टाकण्याची सोय केली. त्यानंतर शतकाहून अधिक काळ उपाध्यक्षपदाचे नाव प्रामुख्याने पक्षाच्या अधिवेशनात जमलेली पुढारी मंडळीच ठरवत.

ही घडी मोडली ती १९४० मध्ये. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हेन्री वॉलेस यांच्या नावाचा हट्ट धरला आणि अधिवेशनातील प्रतिनिधी कुरकुर करू लागले तेव्हा स्वतःची उमेदवारीच नाकारण्याची तयारी दाखवली. अधिवेशनाची समजूत घालण्यासाठी त्यांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना शिकागोला जाऊन भाषण करावे लागले. चारच वर्षांनी पुढाऱ्यांनी उट्टे काढले आणि वॉलेस यांना बाजूला सारून हॅरी ट्रुमन यांना आणले. ट्रुमन यांना उपाध्यक्ष होऊन ८२ दिवस होतात न होतात तोच रूझवेल्ट वारले. पक्षातली कुरघोडी वाटणाऱ्या त्या वादात प्रत्यक्षात महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेचा अध्यक्ष कोण असणार हे ठरून गेले होते. अधिवेशनाची संमती आजही घेतात, परंतु ती औपचारिक असते.

तिऱ्हाईत:

राज्य पदरात पाडण्याची कथा सर्वस्वी खोटी नाही. ती एकाच उदाहरणावर फार काळ जगली आहे, इतकेच. १९६० मध्ये जॉन केनेडी यांनी भाऊ रॉबर्ट यांचा विरोध असतानाही टेक्सासचे लिंडन जॉन्सन यांना घेतले आणि टेक्सास सुमारे ४६ हजार मतांनी जिंकले. पण १९८८ मध्ये मायकेल डुकाकिस यांनी त्याच टेक्सासचे लॉइड बेंटसन घेतले, बेंटसन यांनी दूरचित्रवाणीवरील वादविवादात प्रतिस्पर्धी जॉर्ज बुश यांचे जोडीदार डॅन क्वेल यांना निरुत्तरही केले, आणि तरीही टेक्सास बुश यांच्याच पारड्यात पडले.

माझ्या मते उमेदवार जोडीदारात राज्य कमी आणि स्वतःची उणीव अधिक शोधतो. बराक ओबामा सिनेटमध्ये नवखे होते, म्हणून १९७३ पासून तिथे बसलेले आणि परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष असलेले जो बायडेन. २०१६ मध्ये इव्हँजेलिकल ख्रिस्ती मतदारांच्या मनात ट्रम्प यांच्याविषयी शंका होत्या, म्हणून त्यांच्यातलेच वाटणारे माइक पेन्स. २०२४ पर्यंत पक्ष पूर्णपणे ट्रम्प यांच्या मुठीत आलेला होता. कोणाची मनधरणी करायची नव्हती, म्हणून ३९ वर्षांचे आणि त्यांच्याच विचारांचे व्हान्स. हॅरिस यांच्यापुढे तर पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शपिरो होते आणि त्या अटीतटीच्या राज्याची १९ निर्वाचक मते होती, तरी त्यांनी वॉल्झ यांना पसंती दिली. शपिरो असते तर निकाल फिरला असता, हे निकालानंतरचे शहाणपण मला फारसे पटत नाही.

दफ्तरदार:

वरील चर्चेत छाननीचा भाग राहून गेला. संभाव्य नावांची यादी आखूड झाली, की वकिलांचा एक चमू कामाला लागतो आणि प्राप्तिकराची अनेक वर्षांची विवरणपत्रे, वैद्यकीय कागद, जुनी भाषणे, पती किंवा पत्नीचा व्यवसाय असे सारे उकरले जाते. ही शिस्त आली ती १९७२ च्या फजितीमुळे. डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी बऱ्याच जणांचे नकार पचवून ऐन अधिवेशनात घाईघाईने थॉमस ईगलटन यांचे नाव पक्के केले; पुढे ईगलटन यांनी नैराश्यावर रुग्णालयात विजेच्या झटक्यांचे उपचार घेतल्याचे उघड झाले. आपण हजार टक्के त्यांच्या पाठीशी आहोत असे मॅकगव्हर्न आधी म्हणाले, आणि अवघ्या १८ दिवसांत त्यांना उमेदवारी सोडावी लागली. त्या आजारापेक्षा मॅकगव्हर्न यांच्या या कोलांटउडीनेच अधिक नुकसान केले असावे. १९७६ मध्ये जिमी कार्टर यांनी मात्र इच्छुकांना जॉर्जियातील प्लेन्स या आपल्या गावी बोलावून निवांत पारखले आणि मग वॉल्टर मॉन्डेल यांना निवडले.

राज्याचा मुद्दा एका बाबतीत मात्र खरोखर कायद्याचा आहे. बाराव्या दुरुस्तीनुसार कोणत्याही राज्याचे निर्वाचक आपल्याच राज्यातील रहिवाशांना दोन्ही पदांसाठी मत देऊ शकत नाहीत. २००० मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्यासाठी जोडीदार शोधण्याचे काम डिक चेनी यांच्याकडे होते आणि शेवटी निवड झाली ती त्यांचीच. पण दोघेही तेव्हा टेक्सासचे रहिवासी. चेनी यांनी निवडीच्या तोंडावर आपली मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. त्या वेळी बुश-चेनी यांना जेमतेम बहुमताची २७१ निर्वाचक मते मिळाली आणि त्यांत टेक्सासची मते ३२, त्यामुळे ही नोंदणी हलवली नसती तर चेनी यांना बहुमत मिळाले नसते.

कृष्णाकाठ:

आपणा सर्वांचे आभार. ईगलटन यांच्या जागी दुसरे नाव मग कोणी ठरवले? अधिवेशन तर उरकलेले होते. आणि मतदान तोंडावर आले असताना असे काही घडले तर?

मीमांसक:

नाव मॅकगव्हर्न यांनीच सुचवले आणि पक्षाच्या राष्ट्रीय समितीने त्यावर शिक्कामोर्तब केले. ते सार्जंट श्रायव्हर, म्हणजे केनेडींचे मेहुणे. दुसऱ्या शंकेचे उदाहरण १९१२ मध्ये आहे. पदावरील उपाध्यक्ष आणि पुन्हा उमेदवार असलेले जेम्स शर्मन ३० ऑक्टोबरला, मतदानाला आठवडाही उरला नसताना वारले. लोकांनी त्यांच्याच नावावर मते दिली. पुढे निर्वाचकांनी त्यांच्या वाट्याची मते निकोलस मरे बटलर यांना दिली. शर्मन ज्यांचे जोडीदार होते, त्या अध्यक्ष विल्यम टाफ्ट यांच्या पदरात उटा आणि व्हर्माँट मिळून जेमतेम ८ मते पडली होती, त्यामुळे त्या बदलावर वाद घालण्याची कोणाला गरजच भासली नाही.