मदत हवी आहे: एम९५ चा फुगवटा दर फिटला (मॉडेल प्रतिमेवर बसवताना) वेगळाच का येतो?

नमस्कार मंडळी,

सिंह राशीतल्या एम९५ (एनजीसी ३३५१) या सर्पिल दीर्घिकेच्या मधल्या फुगवट्यापाशी आठवडाभर अडकलोय. स्लोन आकाश-सर्वेक्षणाची आर (लाल) फिल्टरमधली प्रतिमा घेतली आणि गॅलफिट या दीर्घिकेच्या प्रतिमेवर मॉडेल बसवणाऱ्या प्रोग्राममध्ये दोन घटक बसवले: फुगवट्याला सेर्सिक (केंद्रापासून बाहेर प्रकाश कसा घटतो ते सांगणारं सूत्र; त्याचा निर्देशांक घटण्याचा आकार ठरवतो), चकतीला घातांकी. पाहायचं एवढंच होतं की सेर्सिक निर्देशांक ४ च्या जवळ जातो, म्हणजे विलीनीकरणातून घडलेला अभिजात फुगवटा, की २ च्या खाली राहतो, म्हणजे चकतीतल्याच वायू-ताऱ्यांतून सावकाश साचलेला छद्मफुगवटा.

निर्देशांकाचा सुरुवातीचा अंदाज १ दिला तर उत्तर १.९, ४ दिला तर थेट ३.६! काय-वर्ग (मॉडेल आणि प्रतिमेतल्या तफावतीचं माप) दोन्हीकडे जवळपास तोच. शिवाय फुगवटा भलताच मोठा आणि लांबुडका येतोय. पीएसएफ (बिंदूसारखा तारा प्रतिमेत किती पसरट दिसतो त्याचा नमुना) त्याच प्रतिमेतल्या ताऱ्यांवरून बनवलाय, आकाशाची पार्श्वभूमी मोकळी सोडलीय, म्हणजे तिची किंमत प्रोग्रामच ठरवतो. चुकतंय कुठे?

उत्तर १

लांबुडका म्हणताय तिथेच मेख आहे. एम९५ दांडायुक्त दीर्घिका आहे, म्हणजे केंद्रातून ताऱ्यांचा लांबट पट्टा जातो, आणि तुमच्या मॉडेलमध्ये दांडाच नाही, मग त्याचा प्रकाश फुगवट्याने गिळला. दांड्याला वेगळा सेर्सिक द्या, निर्देशांक ०.५ ते ०.७ पासून सुरू करा. आणि आकाश मोकळं नका सोडू! निर्देशांक वाढला की प्रोफाइलचे (प्रकाशाच्या आलेखाचे) पंख, म्हणजे बाहेरचे मंद भाग, लांबवर पसरतात, मग फुगवटा आणि आकाश एकमेकांचा प्रकाश पळवत बसतात. दूरच्या रिकाम्या भागातून मोजून ते पक्कं करा. आधी नुसती चकती बाहेरच्या भागावर बसवून घ्या, मग आत सरका.

उत्तर २

प्रकाश अडवणारी दीर्घिकेतली धूळ विसरू नका. स्पिट्झर या अवरक्त अवकाश दुर्बिणीची ३.६ मायक्रॉनची प्रतिमा घेतलीत तर धुळीचा त्रास बराच कमी होईल. मात्र तिथे पीएसएफ साधारण १.७ विकलांचा (आर्कसेकंदांचा), त्यामुळे अगदी आतला भाग पुसट होतो. आणि केवळ निर्देशांकावरून निकाल देऊ नका, फुगवटा किती फिरतो हे वर्णपटातून पाहिल्याशिवाय माझा तरी विश्वास बसत नाही.

धागाकर्ता

दांडा घातला, आकाश बांधलं. आता कुठूनही सुरू केलं तरी १.५ च्या आसपास येतंय आणि फुगवट्याचा कोन दांड्याशी जुळत नाही. दोघांचेही आभार! पण मॉडेल वजा करून उरलेल्या प्रतिमेत केंद्राभोवतीचं तारे जन्मणारं कडं लख्ख दिसतंय. ते मास्क करावं (तिथले पिक्सेल फिटमधून वगळावेत) की त्याला चौथा घटक द्यावा? मास्क केलं तर फुगवट्याला बसवायला पिक्सेल फारसे उरतच नाहीत.